डीटरची शेवटची नौका

गोस्पोर्टचा क्लाइव्ह निवृत्तीनंतर हौसेनं, १९१२ साली बांधता आली असती अशी ब्रिटिश युद्धनौका कागदावर उतरवायचा. आराखडा पोस्टानं जर्मनीतल्या कीलला गेला, की तिथला डीटर तिला बुडवेल अशी जर्मन नौका काढून धाडायचा. अकरा वर्षं दोघांची जुंपली होती.

या खेपेला पाकीट डीटरच्या मुलीकडून आलं. "बाबा गेले. टेबलावर ही अर्धी नौका होती," तिनं लिहिलं होतं.

"म्हणजे जिंकलास की रे तू," बायको मॉरीन चहा ठेवत म्हणाली.

"कसला जिंकतोय! हिला अजून तोफाच नाहीत," म्हणत क्लाइव्हनं पेन्सिलीला टोक केलं.

चार दिवस खपून त्यानं डीटरची नौका पुरी केली. आपली नौका तिच्यापुढे वीस मिनिटंही टिकणार नाही, याची दोनदा खात्री करून घेतली.