चाकूची धार

हिराजी तांडेलाने परदेशी मिटता चाकू उघडून अंगठ्यावर धार पाहिली. "बोटीवर हाच हवा." त्याच किमतीत येणारे सहा साधे चाकू दुकानदाराने शेजारी मांडले होते. त्यांच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

गेल्या हंगामात जाळं सोडताना धाकट्या भावाच्या पायाला दोराचा वेढा बसला होता. हिराजी सुकाणू सोडून चाकू घेऊन धावला, पण दोर अर्धा कापेपर्यंत भाऊ पाण्यात ओढला गेला आणि बुडाला. तेव्हापासून तो चाकूच्या धारेला आणि स्वतःला शिव्या घालत होता.

भावाची बायको चांगुणा सोबत आली होती. तिने एक साधा चाकू उचलला, दुकानातला दोर स्वतःच्याच घोट्याला बांधला आणि दुसरं टोक दुकानदाराला दिलं. "दादा, तो परदेशी घेऊन दाराशी उभे राहा. शेट, ओढा!"

हिसका बसून ती आडवी झाली. हिराजी धावला. तो पोचायच्या आत तिने दोर कापला होता.

"सहा खलाशी, सहा चाकू. बांधा," ती दुकानदाराला म्हणाली. मग हिराजीकडे वळली. "तुम्ही धावायला कमी पडला नाहीत, दादा. ह्यांच्या स्वतःच्या कमरेला चाकू नव्हता."