शंभरावर दोन

माह्या नातवंडांची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. उकळत्या बीकरमध्ये थर्मामीटरचा पारा एकशे दोनवर जाऊन थांबला होता, आन् भोपाळहून नव्या राज्यात बदलून आलेले साहेब चष्मा वर करून पाहून राहिले होते.

पाणी शंभरावर उकळते, हे पोट्ट्यायलेही ठाऊक. साहेबांनी विचारलं, "ये किसने बिगाड़ा?"

रायपूर नव्या राज्याची राजधानी होऊन चारच महिने झाले होते. कॉलेजच्या लॅबची पहिली तपासणी. लॅबमध्ये काम करणारे आम्ही सगळे शेवंताकडे वळलो. काचेचं सामान तिच्याच हाती. सहा वर्षांपासून तिची नोकरी कच्ची. पक्की करायचा अर्ज लॅबप्रमुख नीलेश सरांच्या ड्रॉवरमध्ये दिवाळीपासून पडून होता. आता तर कच्चीही जात होती.

"काहून पाहून राहिली माह्याकडे?" सर म्हणाले. त्यांचे हात पँटच्या खिशात घट्ट. "काय केलं ते सांग न साहेबाले."

"सांगू, सर?"

सर छताचा पंखा पाहू लागले.

"साहब, थर्मामीटर ठीक है," शेवंता म्हणाली. "पानी नमक का है. नमक घुल जाए तो पानी ज्यादा गरम होके उबलता है."

"लैब में नमक कहाँ से आया?"

"सुबह इसी में मूंगफली उबाली मैंने. पानी आटत गया, नमक उतनाच रहा."

"सरकारी बीकर में?"

"शेंगा उकडायला गंज नव्हता, साहब."

साहेबांनी बीकर धुवून साधं पाणी ठेवायला लावलं. ते उकळलं. पारा शंभराच्या आतच थांबला. थर्मामीटर सुटलं. शेवंता अडकून राहिली.

"इसका क्या करें, प्रोफेसर?"

"जाने दीजिए, सर. ईमानदार बाई है. जिम्मेदारी मेरी." सरांनी तिथंच ड्रॉवर उघडला, अर्ज काढला, सही केली अन् साहेबापुढे सरकवला. साहेबानं पण केली.

सांजेपर्यंत आमच्या अख्ख्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात एकच गोष्ट. एवढा कडक माणूस, मिठावानी विरघळला कसा?

आता शपथ घेतली आहे तर सांगून टाकते. एक गोष्ट यात बनवलेली आहे, पण ते मी नाही बनवली, शेवंतानं बनवली. शेंगा तिनं उकडल्याच नव्हत्या. त्या सरांच्या खिशात होत्या, अजून गरम.