भेगेचं माप

“नव्याण्णव, साहेब,” फोनवर इंद्रमणी म्हणाला. “थंडी आहे. समोरचा डोंगर ढगात आहे. काल तुमच्याकडे रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं ना?”

“होतं की,” हेमंतराव देवस्थळी म्हणाले. त्याने टीव्हीवर पाहिलं असणार. त्यांनी वहीत आकडा लिहिला.

रोज सकाळी सातला ते कोलकात्यात, खिदिरपूरच्या घरात तिसऱ्या मजल्यावर खिडकी घट्ट बंद करून फोनची वाट बघत बसायचे. खाली गोदीकडे जाणारे ट्रेलर पहाटेपासून धडधडत असत. इंद्रमणीचा आवाज मुळातच बारीक, त्यात त्याच्यामागे डोंगरावरचा वारा सतत घरघरत असायचा.

इंद्रमणी राईची वस्ती दूर उत्तर बंगालच्या डोंगरात, कालिंपाँगकडची. वस्तीच्या वर डोंगराला भेग पडली, तेव्हा हेमंतराव दरडींचा अभ्यास करणाऱ्या सरकारी खात्यात होते. त्यांनी भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकल्या, इंद्रमणीच्या हातात टेप दिली आणि नियम सांगितला. भेग वाढत असेल तोवर रोज फोन करायचा. थांबली की महिन्यातून एकदा पुरे.

भेग थांबली नाही. आठवड्याला एक मिलिमीटर, ना कमी ना जास्त. डोंगर इतका शिस्तीत वागत नाही, हे हेमंतरावांना खटकलं होतं. पण खोलात जायचं त्यांनी टाळलं.

टाळायला कारण होतं. दीड वर्षापूर्वी ते निवृत्त झाले, तेव्हा डोंगरातल्या अशा बारा माणसांचे नंबर त्यांनी नव्या अधिकारी कादंबरी मॅडमकडे सोपवायचे होते. त्यांनी अकराच दिले.

पत्नी सुहासिनीबाई जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. मुलगी शर्वरी पुण्याला बोलवत होती. ऑफिसचं काम अजून सुटत नाही, असं ते तिला सांगत. कामवाली दहाला यायची आणि पाण्याच्या तक्रारीपलीकडे बोलायची नाही. दिवसभरात त्यांचं खरं बोलणं व्हायचं ते सातला, मोडक्या हिंदीत. माप सांगून झालं की दोघे गुडघेदुखीवर बोलत, गेलेल्या बायकांवर बोलत.

“मुलगा तुमच्या गोदीत क्रेन चालवतो,” इंद्रमणी एकदा म्हणाला होता. “ये म्हणतो. पण या वयात डोंगर सोडून कुठे जाऊ?”

“तेही खरंच,” हेमंतराव म्हणाले होते. त्यांना बरं वाटलं होतं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली होती.

भेग शंभरावर गेली की वस्ती हलवायची, हा त्यांनीच मनाशी ठरवलेला आकडा. तो त्यांनी इंद्रमणीला कधी सांगितला नव्हता. नव्याण्णवनंतरचा आठवडा त्यांनी कसाबसा काढला. शंभर झाले की सगळं सांगायचं, मग फोन बंद झाला तरी चालेल.

सोमवारी सकाळी वीज गेली. पंखा बंद पडला म्हणून त्यांनी खिडकी उघडली, तेवढ्यात फोन वाजला. आज फोनमधला वाराही पडला होता. आवाज कधी नव्हे इतका स्वच्छ येत होता.

“शंभर, साहेब.”

“इंद्रमणी, नीट ऐका. आजच्या आज वस्ती रिकामी करा. सगळ्यांना खालच्या शाळेत न्या. आणि एक नंबर देतो, तो लिहून घ्या. कादंबरी मॅडमचा आहे.”

“तुम्हीच सांगा ना त्यांना.”

“मी खात्यात नाही. दीड वर्षापूर्वीच निवृत्त झालो.”



“मग रोज फोन का घेत होता?”

“घरात बोलायला कोणी नाही, म्हणून.” हेमंतराव म्हणाले. “तुमच्या वस्तीचा जीव टांगणीला लावून मी गप्पा मारत बसलो. मला माफ करा. पण आता वेळ घालवू नका. किती घरं आहेत वर?”



“साहेब,” इंद्रमणी म्हणाला, “भेग थांबली की महिन्यातून एकदाच फोन करायचा, असं तुम्हीच म्हणाला होता.”

“मग?”

खाली नदीत एका जहाजाने लांबलचक भोंगा दिला. तो हेमंतरावांना आधी खिडकीतून ऐकू आला, मग फोनमधून.