असतील तर

जाहिरात एजन्सीच्या नावाने तीस वर्षांत एकवीस वेळा बोंबाबोंब झाली. कधी सावळ्या मुलींची टिंगल केली म्हणून, कधी म्हाताऱ्यांची. दर वेळी कॉपीरायटर काकांनी तेच वाक्य छापायला दिलं, 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर आम्ही दिलगीर आहोत', आणि प्रकरण थंड झालं. ऑफिसात त्यांना कौतुकाने दिलगिरीकाका म्हणत.

गेल्या महिन्यात वजन घटवणाऱ्या चहाच्या जाहिरातीत 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन चौकटींपैकी 'आधी'च्या जाड चौकटीला चेहरा मिळेना, तेव्हा काकांनी न विचारता बायकोचाच फोटो ठोकून दिला. चौकात होर्डिंग लागलं, घरात अबोला. चौथ्या दिवशी काकांनी आपलं हुकमी वाक्य कागदावर लिहून काकूंच्या पुढ्यात सरकवलं.



काकूंनी 'असतील तर' तेवढं खोडलं आणि कागद परत दिला. "आता हे चौकात लावा. आणि 'नंतर'च्या चौकटीत तुमचा फोटो."