रिकामी वाटी

सकाळी भीमपूरच्या शाळेत शिकवायला निघताना प्रगतीनं स्टीलची वाटी झाकण लावून नेहमीच्या फळीवर ठेवली. वाटी रिकामी होती. रोज ती त्या वाटीत अंगावरचं दूध काढून ठेवायची आणि दुपारी सासू रुक्माबाई ते पाच महिन्यांच्या मैत्रीला चमच्यानं पाजायची, असं ठरलेलं होतं. आज प्रगतीनं थेंबही काढला नव्हता.

संध्याकाळी चपला काढता काढता तिनं विचारलं, मैत्री प्याली का. रुक्माबाई नातीला मांडीवर थोपटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सगळं पेली. थेंब नाही ठेवला."

प्रगतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण विचारलं असतं तर दुसरं खोटं ऐकावं लागलं असतं.

पंधरा दिवसांपासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती. आईला पाहून झेपावणारी पोर हल्ली जांभई देऊन तोंड फिरवायची. परसातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी माती पांढुरकी दिसायची. आईचं दूध मोरीत ओतू नये, झाडाला घालावं, ही रुक्माबाईंचीच शिकवण. मग पोर पोसली जात होती कशावर? प्रगतीनं कोनाडे पाहिले, पेटी पाहिली, कचऱ्याची टोपलीसुद्धा उपसली. डबा नाही, बाटली नाही. झोपेचं काही चाटवतात की काय, या भीतीनं ती रात्री दोनदा उठून पोरीचा श्वास बघायची.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती ऑटो करून घरी आली. पुढच्या दाराला आतून कडी. भर दुपारी, घरात माणूस असताना. ती कपाशीच्या कडेनं मागे गेली. मागचं दार मात्र सताड उघडं होतं.

आत शीतल बसली होती. पलीकडच्या शेतकऱ्याची सून. तीन आठवड्यांपूर्वी तिचं नऊ दिवसांचं बाळ गेलं होतं. त्या घरचे लोक प्रगतीसारख्या बौद्धांच्या घरचं पाणी अजूनही पीत नाहीत. आणि मैत्री तिच्या अंगावर पीत होती, डोळे मिटून, मुठीत तिचा पदर धरून. शीतलच्या गुडघ्याशी अर्धा रिकामा पाण्याचा पेला होता.

प्रगतीला पाहून शीतल घाईनं पोरीला सोडवू लागली. पोर सोडेना.

तिचं बाळ कशानं गेलं? प्रगतीच्या मनात पहिलं हेच आलं, आणि तिनं ते तोंडावर विचारलंही. विचारल्यावर तिची तिलाच लाज वाटली.

"दिवस भरले नव्हते त्याचे, ताई," शीतल म्हणाली. "मले काही रोग नाही. दवाखान्याचे कागद हायेत, आणून दाखवते."

मग शेजारी बसलेल्या रुक्माबाईंनी सांगितलं. हिला दूध उतरलं आणि प्यायला कोणी उरलं नाही. दूध आटावं म्हणून घरच्यांनी छातीला मोगऱ्याची फुलं बांधली, वरून फडकं आवळलं. छाती दगडासारखी झाली, ताप चढला. बोअरवर पाणी भरताना ती वाकून रडताना दिसली, तशी रुक्माबाई तिला घेऊन आल्या.

"मले सांगितलं काऊन नाही?" प्रगतीनं विचारलं.

"तू नाही म्हटलं असतं तं?"

 प्रगती नाहीच म्हणाली असती. रोज पहाटे अर्धा तास बसून काढलेलं दूध झाडाला गेलं, याचा राग अजून गेला नव्हता.

"काल रिकामी वाटी पाह्यली," रुक्माबाई म्हणाल्या, "तवाच समजलं, तू आज येशील. म्हणून मागचं दार उघडंच ठिवलं."

पोरीच्या चोखण्याचा आवाज तेवढा चालू होता. तो ऐकता ऐकता प्रगतीचाही ब्लाऊज ओला झाला. तिनं पदर ओढून घेतला.

तेवढ्यात मागच्या वाटेवर मोटरसायकल वाजली. शीतलचा चेहरा पांढराफटक पडला. तो आवाज तिच्या घरच्या गाडीचा असावा. तिनं पदर पोरीवरून ओढला आणि श्वास धरून बसली. गाडी कपाशीजवळ थांबली.

प्रगती पुढे झाली. तिनं मागच्या दाराची कडी लावली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "दुसऱ्या बाजूनंबी पाज. नाही तं गाठी होतीन."