कॅप्टनचं दार

हेनाओ कॅप्टन झाली, तेव्हा बिल्ल्याबरोबर तिच्या वाट्याला एक दारही आलं. आमच्या पोर्ट मोर्स्बीच्या आंतरराष्ट्रीय शाळेत धोक्याचा भोंगा वाजला, की वर्गाचं दार कॅप्टननं लावायचं आणि नंतर कोणी कितीही विनवलं तरी उघडायचं नाही.

सोमवारी भोंगा वाजला. सराव आहे की खरंच कोणी कुंपणावरून आत शिरलंय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. हेनाओनं कडी घातली, दिवा मालवला. तेवढ्यात दारावर थापा पडल्या.

"ताई, मी वाविने. बाथरूमला गेले होते गं. उघड ना."

सातवीतली तिची सख्खी बहीण. हेनाओ कडी धरून उभी राहिली. हळूहळू थापा थांबल्या.

तो सराव होता. नंतर मुख्याध्यापिका सगळ्यांसमोर म्हणाल्या, "याला म्हणतात कॅप्टन. तुझ्या कॉलेजच्या शिफारसपत्रात हे लिहिणार मी."

घरी जाताना गाडीत वाविने रडली नाही, रुसलीही नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तू रोज कुठल्या तासाला कुठल्या वर्गात असतेस ते मला सांगून ठेव."

"का गं?"

"खरंच कोणी आलं, तर मी दुसऱ्या दाराकडे पळेन."