रंग फासलेलं जस्त

"मेल्या, ह्या जस्ताच्या तुकड्याक रंग कोणी फासल्यान?"

किनाऱ्याजवळ बांगडा आला होता, गावाच्या होड्या निघाल्या होत्या, आणि या नवरा-बायकोच्या होडीचं जुनं इंजिन मात्र वाळूवर आडवं पडलं होतं. पंख्यावरच्या कवचाला खाऱ्या पाण्यानं कुरतडून भोक पाडलं होतं, गिअरच्या तेलात पाणी शिरलं होतं. बायको अडकलेला बोल्ट ठोकत होती, दर ठोक्याला नवऱ्याच्या खानदानाचा उद्धार करत.

"मीच. नारळी पौर्णिमेक देवाक इंजिन चकाचक दिसाक व्हया ना!"

"देव येता काय जाळी ओढूक? खारा पाणी आधी ह्या तुकड्याक खाता, म्हणान इंजिन वाचता. तू तेका झाकलंस, पाण्यान इंजिन खाल्ल्यान."

तिनं भोक बुजवलं, सील बदललं, तेल भरलं, नवा तुकडा उघडाच बसवला. नवऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्या सोललेल्या बोटांकडे.

"दुसऱ्याक वाचवूक स्वतः झिजता. अगदी तुझ्यासारखो गो!"

"मग माका तरी रंग फासू नको. दोरी ओढ."

त्यानं ओढली. इंजिन खोकलं आणि तिच्याच आवाजात शिव्या देत सुरू झालं.